दामाजीपंत : चमत्काराआधीचा निर्णय

संतचरित्रातील चमत्कार वाचताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे खरोखर घडले का? दामाजीपंतांचे चरित्र अभ्यासताना दुसरा प्रश्न विचारून पाहावा : चमत्काराच्या आधी काय घडले?

दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे मंगळवेढे येथील अंमलदार. दुर्गादेवीचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला आणि माणसे अन्नावाचून मरू लागली. पाऊस पाडणे दामाजींच्या हाती नव्हते. सरकारी कोठारे मात्र त्यांच्याच ताब्यात होती. धान्य बादशहाचे आहे, ते वाटल्यास शिक्षा होईल, हे जाणूनच त्यांनी कोठारे खुली केली. तक्रार बेदरला पोहोचली व त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. महिपतींच्या ‘भक्तविजय’ या १७६२ मधील ग्रंथात पुढील कथा येते. दामाजी वाटेत असतानाच विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली व पावती घेतली. दामाजींची सुटका झाली. पुढे चाकरी सोडून त्यांनी उर्वरित आयुष्य भजनात घालविले.

या कथेतील घटनाक्रम लक्षात घ्यावा. विठ्ठल ऋण फेडतो. कोठार उघडत नाही. तो निर्णय माणसाचाच आहे. सुटकेची हमी आधीच मिळाली असती, तर दामाजींच्या कृतीत धैर्याचा अंश उरला नसता.

याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर असलेले संत चोखामेळा भिंत कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले. ती भिंत सावरण्यास कोणी आले नाही. देव एकासाठी धावला, दुसऱ्यासाठी का नाही, याचे उत्तर या कथांत मिळत नाही. परंतु ज्या जातीच्या वाट्याला समाजाने असे कष्ट दिले, तिच्याच माणसाचे रूप दामाजींच्या कथेतील देव घेतो. चोखोबांच्या जगण्यातील दुःखाची जबाबदारी दैवावर ढकलता येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

फुलंब्रीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हा विचार केवळ ग्रंथापुरता राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी कामे काढावी लागली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आभाळ तेव्हाही माणसाच्या अधीन नव्हते.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्यांकडून १९७२ च्या आठवणी ऐका. त्यांतील किती दुःख पावसाअभावी आले आणि किती माणसांच्या निर्णयांमुळे वाढले वा कमी झाले, हे स्वतःच्या शब्दांत लिहा.