विश्लेषण : मुसीच्या महापुराची चौकशी विश्वेश्वरय्यांनी कशी केली?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की कृष्णराजसागर धरण आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन एवढेच बहुतेकांना आठवते. मात्र म्हैसूरचे मुख्य अभियंता होण्यापूर्वी काही महिने त्यांनी हैदराबादेत एका महापुराची चौकशी केली होती. त्या शहराची पूरव्यवस्था आजही तिच्यावर उभी आहे.

मुंबई इलाख्यातील नोकरीत काय शिकले?

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले, पण अभियंता झाले ते पुण्यात. कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. मूळ बांध न वाढवता तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी साठू लागले.

नीरा कालव्यावरचे काम अधिक नाजूक होते. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला हवे तितके पाणी घेत. त्यांच्या जमिनी पाणथळ होत आणि शेपटाकडचे शेतकरी कोरडे राहत. विश्वेश्वरय्यांनी १८९९ मध्ये गटपद्धत, म्हणजे ‘ब्लॉक सिस्टीम’ मांडली. ठरावीक गटाला पाणी आणि त्या गटातही उसाखाली मर्यादितच क्षेत्र, बाकी जमिनीत फेरपालटाने कमी पाण्याची पिके. सुरुवातीला तिला विरोध झाला. पुढे १९०१ च्या भारतीय सिंचन आयोगाने तिची प्रशंसा केली. उसाला किती पाणी द्यायचे, हा वाद महाराष्ट्रात अजून संपलेला नाही, हे येथे नमूद करायला हवे.

मुख्य अभियंतापद तेव्हा युरोपीय अधिकाऱ्यांकडेच जाई. वर जाण्याची वाट बंद दिसल्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०८ मध्ये मुदतीआधीच सेवानिवृत्ती मागितली आणि ते परदेश दौऱ्यावर निघाले.

हैदराबादेत काय घडले होते?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी हैदराबादेत घुसली. अफजलगंजचा पूल गेला, दाट वस्तीचे मोहल्ले गेले. सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज सांगितला जातो. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले. ते झाड अजून दाखवले जाते. निजाम सरकारचे बोलावणे आले तेव्हा विश्वेश्वरय्या युरोपात होते. त्यांनी होकार दिला, पण ठरलेला अमेरिका दौरा सोडला नाही. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

चौकशीत काय आढळले?

पुराला सहा महिने उलटून गेले होते. नदी पुन्हा ओहोळासारखी वाहत होती. अशा वेळी नदीकाठी भिंती बांधण्याची शिफारस करून मोकळे होणे सोपे होते. विश्वेश्वरय्या मात्र शहर सोडून वरच्या पाणलोटाकडे वळले. पावसाच्या नोंदी जमवल्या. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस पडला होता. शहराशी नदीचा कमाल प्रवाह त्यांनी सुमारे सव्वाचार लाख घनफूट प्रतिसेकंद काढला.

सर्वात महत्त्वाची ठरली ती तलावांची मोजदाद. सुमारे ८६० चौरस मैलांच्या या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. शेतीला जगवणाऱ्या तलावांनीच पुराला जोर दिला होता. पाऊस असाधारण होता हे खरे, पण पुराचा सगळा दोष आभाळावर ढकलता येत नव्हता.

उपाय काय सुचवला?

नदी शहरात आल्यावर अडवण्यात अर्थ नाही, पाणी शहराच्या वरच धरले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. मुसीवर एक आणि तिची उपनदी ईसी हिच्यावर एक, असे दोन जलाशय त्यात सुचवले होते. पुराचे पाणी तेथे थोपवायचे आणि नदीला झेपेल तितकेच खाली सोडायचे. शहरात काठ उंच करून रस्ते व बागा करायच्या, आणि भुयारी गटारांची योजनाही हाती घ्यायची होती.

नोव्हेंबरात विश्वेश्वरय्या म्हैसूरला रुजू झाले. जलाशय इतरांनी बांधले. उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. त्यांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले.

पुढे काय झाले?

चौकशीची कामे त्यांच्याकडे येतच राहिली. १९३७ मध्ये ओडिशाच्या पुरांसाठी त्यांना बोलावणे आले. त्याच सुमारास मुंबई प्रांताच्या पाटबंधारे चौकशी समितीचे अध्यक्षपद मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांचा तोच जुना प्रश्न पुन्हा समोर आला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले, एप्रिल १९६२ मध्ये बेंगळूरुत निधन झाले.

हैदराबादचे दोन्ही जलाशय अजून भरतात आणि अतिवृष्टीत त्यांचे दरवाजे उघडावे लागतात. त्यांच्याभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामांवर निर्बंध घालणारा आदेश १९९६ मध्ये निघाला. २०२२ मध्ये तेलंगणा सरकारने ते निर्बंध सशर्त उठवण्याचा आदेश काढला.