एम. आर. जेम्स : शाळेतल्या मुलांचे भयकथाकार
माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स (१८६२–१९३६) हे मध्ययुगीन हस्तलिखितांचे व्यासंगी अभ्यासक. प्रथम केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे व १९१८ पासून अखेरपर्यंत ईटनचे प्रमुख. किंग्जच्या गायकवृंदातील मुलांच्या शाळेसाठी त्यांनी ‘अ स्कूल स्टोरी’ रचली. १९११ साली ती संग्रहात आली. तीत लॅटिनच्या तासाला मुले संकेतार्थी वाक्ये लिहितात. मुले सोळा, कागद मात्र सतरा. आगंतुक कागदावर कोणाही मुलाचे अक्षर नसते. त्यावरील वाक्य वाचून शिक्षक पांढरे पडतात. व्याकरणाचा साधा सरावच येथे धमकी होतो, आणि भाषेच्या अभ्यासकाला कथेचे खरे सामर्थ्य येथेच जाणवते. पुढे तो कागद कोरा आढळतो. १९२७ मध्ये ईटनच्या बालवीरांना त्यांनी शिबिरात ‘वेलिंग वेल’ ऐकवली. तीत आज्ञा मोडणारा बालवीरच भुतांच्या तावडीत सापडतो.