गुलाम म्हणून विकलं गेलेलं पोर, ज्यानं खडकी वसवली

खुलताबाद : भद्रा मारुतीला पायी जाणारे हजारो लोक असतात. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. तिकडं मात्र फार थोडी पावलं वळतात.

अंबरचा जन्म आफ्रिकेतल्या इथिओपियात, साधारण १५४८ सालचा. घरचं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला. येमेन, बगदाद असा हात बदलत राहिला. बगदादच्या एका मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही हबशी, तोही एकेकाळचा गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला.

मोकळा झाला, पण जायचं कुठं? गाव समुद्रापलीकडं. मग त्यानं घोडा धरला. विजापुरात चाकरी केली, स्वतःची माणसं जमवली. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं होतं. अंबरनं परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार स्वतः हाती घेतला. डोंगराच्या आडोशानं अचानक छापा टाकायचा, रसद तोडायची, ही त्याची लढाईची रीत. वेरूळचे भोसले त्याच्या बाजूनं लढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले. जहांगीर बादशहा तर इतका चिडून होता, की अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचं स्वतःचं चित्र त्यानं काढून घेतलं. खरं मुंडकं काही त्याच्या हाती लागलं नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं मोठं काम वेगळंच आहे. साऱ्याची मक्तेदारी त्यानं मोडली. जेवढं रान पिकाखाली, त्या हिशेबानं सारा ठरू लागला. अशी अट आजही कुणाला नको आहे?

१६१० साली त्यानं खडकी गावी राजधानी वसवली. पाण्याची अडचण होती. हर्सूलच्या बाजूनं जमिनीखालून नहर खोदून त्यानं पाणी शहरात आणलं. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून मध्ये मध्ये उभ्या विहिरीसारखी तोंडं ठेवली. इराण आणि अरब मुलखात असे भुयारी पाट आधीपासून होते. अंबरची उमेदीची वर्षं तिकडंच गेली, तेव्हा तिथंच त्यानं ते पाहिले असावेत.

जबरदस्तीनं मुलूख सुटलेल्या माणसांवर आज देशोदेशीचे अभ्यासक काम करतात, त्यात अंबरचं नाव येतंच. न्यूयॉर्कच्या शोमबर्ग सेंटरनं २०१३ साली भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवलं, त्यातही तो होता.

१६२६ साली अंबर वारला. मुलगा फतेहखान यानं खडकीचं फतेहनगर केलं, पुढं औरंगजेबानं औरंगाबाद केलं, आता छत्रपती संभाजीनगर. अंबर परत इथिओपियाला गेल्याची नोंद कुठंच नाही.