आर्थर कॉटन आणि वैनगंगेचे पाणी

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणारी आगगाडी वैनगंगेवरील पूल ओलांडते, तेव्हा खालचे पाणी पुढे कोठे जाते याचा विचार प्रवासी सहसा करीत नाही. ते चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, प्राणहिता हे नाव धारण करून सिरोंच्यापर्यंत जाते आणि तेथे गोदावरीत विलीन होऊन राजमहेंद्रीमार्गे समुद्र गाठते. राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरम येथे, या पाण्याला आडवा बंधारा घालणारा अभियंता म्हणजे सर आर्थर कॉटन. आंध्रातील शेतकरी त्याला आजही देवासमान मानतात. आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच निघते. वास्तविक त्याचे सर्वांत मोठे यश आणि एक मोठे अपयश, ही दोन्ही याच पाण्याशी निगडित आहेत.

कॉटनचा जन्म १८०३ सालचा. कंपनी सरकारच्या लष्करी विद्यालयात शिकून तो १८२१ मध्ये मद्रासेस आला. त्याचा खरा गुरू मात्र त्याला कावेरीकाठी भेटला. चोळ राजांनी बांधलेला कल्लणै हा प्राचीन बंधारा शतकानुशतके वाळूवर उभा होता. वाळूच्या पात्रात खडक हाती लागत नाही, म्हणून जुन्या कारागिरांनी मोठमोठे दगड टाकून ते वाळूत रुतू दिले आणि ते स्थिरावल्यावर त्यांवर बांधकाम चढविले. वाळू दगडांना गिळते, परंतु एका मर्यादेपर्यंतच, हे मर्म त्यांना उमगले होते. राज्यकर्त्या जमातीतील या तरुणाने ते शिकून घेण्यात कमीपणा मानला नाही. १८३६ मध्ये कोल्लिडम नदीवर त्याने बांधलेले बंधारे हे त्या अभ्यासाचे फळ होय.

गोदावरीचा मुलूख त्या काळी दुष्काळ आणि वादळ यांनी पिचलेला होता. १८३९ च्या चक्रीवादळाने तर किनारा उद्ध्वस्त केला. आटोकाट वाहणारी नदी उशाशी असताना माणसे उपाशी मरावीत, हे कॉटनला असह्य झाले. त्याची योजना मंजूर होऊन १८४७ मध्ये काम सुरू झाले आणि १८५२ मध्ये पूर्ण झाले. बेटांनी विभागलेल्या पात्रावर चार तुकड्यांत मिळून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा बंधारा उभा राहिला. पाया वाळूतच होता. पडणाऱ्या पाण्याने तो उखडू नये म्हणून खालच्या अंगाला सुट्या दगडांचा रुंद थर पसरण्यात आला. पुलाचा खांब असो वा बंधाऱ्याची भिंत, तिचा पहिला शत्रू पायाखालची वाळू उकरणारे पाणीच असते. या कामाने त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार बनला. कंपनीचा महसूलही वाढला, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल.

यशाने कॉटनचा आत्मविश्वास बळावला. कालवे आणि नद्या हेच हिंदुस्थानचे खरे राजमार्ग, आगगाडी नव्हे, असा त्याचा आग्रह होता. समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून थेट वऱ्हाड-चांद्याकडील कापसाच्या मुलखापर्यंत नौका चालविण्याची कल्पना त्यातून पुढे आली. परंतु दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी येथे खडकांचे तीन अडथळे होते. त्यांना वळसा घालण्यासाठी कालवे व दरवाजे बांधण्यास प्रारंभ झाला. इतर अभियंत्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. उन्हाळ्यात मात्र पात्रे कोरडी पडत, खर्च वाढत गेला, आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचल्यावर योजनेचे प्रयोजनच उरले नाही. १८७१ मध्ये काम थांबले. कॉटनने आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. १८९९ मध्ये, शहाण्णव वर्षांचा होऊन, तो इंग्लंडमध्ये निवर्तला.

एकाच माणसाला खालच्या टोकाला यश आणि वरच्या टोकाला अपयश का यावे? धवळेश्वरमला त्याने नदीचे ऐकले. वर मात्र नदीने आपले ऐकावे अशी त्याची अपेक्षा होती. ही शिकवण जुनी झालेली नाही. सिरोंच्याजवळ गोदावरीवर बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. पायाखालची वाळू सरकल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. तेलंगणाच्या शेतीसाठी बांधलेल्या त्या बंधाऱ्याच्या फुगवट्याचे पाणी सिरोंचा तालुक्यातील शेतांत शिरले, ही तक्रार वेगळीच.

पूल दोन काठ जोडतो. दोघांनाही तो सारखाच उपयोगी पडतो. बंधाऱ्याचे तसे नसते. त्याचा लाभ एका काठाला आणि भार दुसऱ्याला अशी वाटणी सहज होऊ शकते. म्हणून नदीवर काही उभारताना पायाखालच्या वाळूचा आणि पलीकडच्या काठावरील माणसाचा हिशेब आधी मांडला गेला पाहिजे. कॉटनच्या चरित्रातून वैनगंगेच्या काठावरील आपण एवढे जरी घेतले, तरी त्याचे स्मरण सार्थकी लागेल.