हर्मन स्टाउडिंगर: प्लास्टिकची लांबी काचेच्या नळीने मोजणारा माणूस

कोल्ड्रिंकच्या बाटल्या बनवायच्या आधी पेट प्लास्टिकच्या दाण्यांची लॅबमध्ये एक टेस्ट होते. दाणे द्रावकात विरघळवायचे, ते द्रावण काचेच्या बारीक नळीतून सोडायचं आणि दोन खुणांमधलं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. बस्स! पण या साध्या टेस्टमागे एका जर्मन केमिस्टची मोठी लढाई आहे.

हर्मन स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१चा, जर्मनीतल्या व्होर्म्स शहरातला. १९१२ मध्ये ते झुरिकच्या नामांकित ईटीएचमध्ये प्रोफेसर झाले. नाव झालं होतं, सगळं छान चाललं होतं. आणि १९२० मध्ये त्यांनी एक भलतीच गोष्ट मांडली: रबरासारख्या पदार्थांचा रेणू म्हणजे असंख्य छोट्या कड्यांची एक सलग, लांबलचक साखळी असते.

बड्या केमिस्टांना हे पटेना. त्यांच्या मते एवढा मोठा रेणू असूच शकत नाही. छोटे रेणू नुसते एकमेकांना चिकटून बसलेत. मग पुरावा आणायचा कुठून?

१९२६ मध्ये स्टाउडिंगर फ्रायबुर्गला आले. तिथे त्यांनी व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, हे हत्यार वापरलं. समजा, एका पातेल्यात मोहरी आहे आणि दुसऱ्यात नूडल्स. डाव कुठे अडेल? नूडल्समध्ये! तसंच साखळी जितकी लांब, तितकं द्रावण दाट आणि नळीतून उतरायला तितका जास्त वेळ. म्हणजे स्टॉपवॉच लावून रेणूच्या आकाराचा अंदाज घेता येतो.

नाझी काळात त्यांना आणखी त्रास झाला. पहिल्या महायुद्धात युद्धाविरुद्ध लिहिल्यामुळे १९३४ मध्ये गेस्टापोने त्यांची चौकशी केली. पण संशोधन थांबलं नाही. बायको माग्डा स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याही या कामात सोबत होत्या.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. साखळ्या ताठ काठीसारख्या असतात असं ते धरून चालले. खरं तर त्या वाकतात, गुंडाळतात. त्यामुळे त्यांचं सूत्र पुढे इतरांनी सुधारलं. मूळ कल्पना मात्र टिकली. १९५३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

आता परत बाटलीकडे येऊ. बाटलीच्या पेटची इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी साधारण ०.७ ते ०.८५ डेसिलिटर प्रति ग्रॅम लागते. दाणे नीट न सुकवता वितळवले, तर ओलाव्याने साखळ्या तुटतात, आकडा घसरतो आणि बाटली कमजोर होते. रिसायकल केलेल्या प्लास्टिकचीही हीच अडचण. ते पुन्हा बाटलीसाठी चालेल की नाही, हे ठरवताना आजही हा आकडा बघावाच लागतो.