ॲलन ट्युरिंग

ॲलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या गुप्त संदेशांची उकल करण्यात या गणितज्ञाने मोलाची कामगिरी बजावली.

यंत्र विचार करू शकेल काय, या प्रश्नाचा त्यांना ध्यास होता. १९४८ मध्ये मित्र डेव्हिड चॅम्परनाऊन यांच्यासह त्यांनी यंत्राने बुद्धिबळ कसे खेळावे, याचे नियम रचण्यास आरंभ केला. त्यांत प्याद्याचे मोल १, घोड्याचे ३, तर वजिराचे १० होते. कोपऱ्यातील घोड्याला दोनच घरे खुली असतात, मध्यावरील घोड्याला आठ; म्हणून मध्यावरील घोड्याला अधिक गुण मिळत.

परंतु हे नियम चालवील असे यंत्र तेव्हा हाताशी नव्हते. मग ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले! १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी यांच्याशी ते कागदावर आकडेमोड करीत खेळले. एकेका चालीला सुमारे अर्धा तास लागे. मनाला न पटणारी चालही नियमानुसार करावी लागे. अखेर २९ चालींत डाव हरला.

त्याच वर्षी समलैंगिक संबंधांवरून न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. ७ जून १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. मरणोत्तर शाही माफी मिळण्यास २०१३ साल उजाडले. तत्पूर्वी, १९९७ मध्ये, संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्ह यांना सामन्यात हरविले होते. कागदावर हरलेला तो डाव व्यर्थ गेला नव्हता.