तारेला दिशा देणारा मार्कोनी

सांगली-मिरजेचा किंवा साताऱ्याचा माणूस दौंडला ओळखतो तो रेल्वेचे जंक्शन म्हणून. रात्री-अपरात्री गाडी बदलायची, फलाटावर चहा घ्यायचा आणि पुढे निघायचे, एवढाच आपला या गावाशी संबंध. पण १९२७ सालच्या सप्टेंबर महिन्यात याच दौंडच्या नावाला एकदम आंतरराष्ट्रीय महत्त्व आले होते. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा इकडून जाणारे संदेश पुण्याजवळच्या खडकीहून सुटत आणि इंग्लंडहून येणारे संदेश दौंडला उतरत. तिकडची जोडी होती ग्रिम्सबी आणि स्केग्नेस या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांजवळची. या चारही ठिकाणी उंच मनोऱ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांना तारांचे पडदे टांगलेले होते. या पडद्यांचे वैशिष्ट्य असे की ते चहूकडे ओरडत नसत. ते एकाच दिशेला बोलत आणि एकाच दिशेचे ऐकत.

या योजनेमागे उभा होता गुल्येल्मो मार्कोनी. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला रेडिओचा जनक म्हणून एका ओळीत भेटलो आणि विसरलो. त्याचे आयुष्य मात्र त्या एका ओळीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. त्यात जिद्द आहे, व्यापारी चलाखी आहे, एक मोठी चूक आहे आणि ती चूक पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुधारण्याचा मोठेपणाही आहे.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे सधन जमीनदार. आई ॲनी जेमसन आयर्लंडची, तिथल्या प्रसिद्ध मद्यनिर्मात्या घराण्यातली. गावाबाहेर पाँतेक्कियोला त्यांचा मोठा वाडा होता. मुलाचे शिक्षण मात्र धड झाले नाही. विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. वडिलांना वाटे, पोरगे तारा आणि बॅटऱ्या जमवण्यात दिवस फुकट घालवते. आईला तसे वाटले नाही. शेजारी राहणारे प्राध्यापक औगुस्तो रिगी यांच्या प्रयोगशाळेत त्याला थोडाफार वावर मिळाला. १८९४ साली जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झचे निधन झाले आणि त्याच्या विद्युतलहरींच्या प्रयोगांविषयी वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात एकच प्रश्न घुमू लागला. या लहरींवरून संदेश का पाठवता येऊ नये?

वाड्याच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. तारेचे एक टोक उंच नेले आणि दुसरे जमिनीत पुरले, की पल्ला वाढतो हे त्याच्या ध्यानात आले. आज आपण ज्याला एरियल आणि अर्थिंग म्हणतो, ती ही जोडी. १८९५ साली टेकडीच्या पलीकडे उभ्या केलेल्या भावाने, आल्फोन्सोने, संकेत पोचल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढला. तो बार वाड्यात ऐकू आला, तेव्हा मार्कोनीच्या आयुष्याची वाट ठरून गेली.

पुढच्या वर्षी आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. तिथे टपालखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. जून १८९६ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सॅलिसबरीच्या मैदानावरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत मार्कोनीने तांब्याचे वाकवलेले पत्रे वापरले होते. बॅटरीच्या दिव्यामागे आरसा असावा तसे. म्हणजे लहरींना एका दिशेला वळवण्याची कल्पना त्याच्याजवळ पहिल्यापासून होती. पण तो पल्ल्याच्या मागे लागला. लहर जितकी लांब आणि तार जितकी उंच तितका पल्ला मोठा, असा त्याचा अनुभव होता. आरसा अडगळीत गेला तो वीस वर्षांसाठी.

आता अटलांटिक महासागर ओलांडायचा, असे त्याने ठरवले. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोल्ढू येथे वीस डांबांचे गोल रिंगण उभारले, प्रत्येक डांब दोनशे फूट उंचीचा. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळ आले आणि सगळे रिंगण कोसळले. पलीकडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उभारलेल्या तशाच रिंगणाचीही दोन महिन्यांत तीच गत झाली. दुसरा कोणी असता तर डाव मोडून घरी गेला असता. मार्कोनीने पोल्ढूला दोनच डांब उभे केले, त्यांच्यात पंख्यासारख्या तारा ताणल्या आणि स्वतः न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तिथे डांब उभारायला सवड नव्हती, म्हणून पतंग उडवला आणि पतंगाच्या दोरीऐवजी सुमारे पाचशे फूट तार आकाशात सोडली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी, सोसाट्याच्या वाऱ्यात, कानाला लावलेल्या यंत्रात त्याला तीन टिंबे ऐकू आली. मोर्सच्या लिपीतले ‘एस’ हे अक्षर.

ऐकणारे दोघेच होते, तो आणि त्याचा सहायक केंप. कागदावर नोंद झाली नाही. ते संकेत खरोखर पोल्ढूचेच होते का, याबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात. मार्कोनीलाही ही उणीव खुपली असावी. कारण दोनच महिन्यांनी तो जहाजातून प्रवास करीत संकेतांची नोंद कागदी पट्टीवर घेत गेला. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. दिवसा सातशे मैलांवर थांबणारे संकेत रात्री दोन हजार मैलांपर्यंत पोचत होते. आकाशात उंचावर विद्युतभारित थर आहे आणि लहरी त्यावरून परततात, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. तसा तर्क त्याच वर्षी मांडला गेला, पण तो सिद्ध व्हायला १९२४ साल उजाडले.

आपल्याकडच्या वाचकाला इथे जगदीशचंद्र बोस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९५ मध्ये कोलकात्यात बोसांनी बिनतारी लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली होती. लहरी टिपणारे पाऱ्याचे साधन त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले आणि पेटंटच्या मागे ते लागले नाहीत. न्यूफाउंडलंडला मार्कोनीने वापरलेले साधन त्याच जातीचे होते, हे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. रेडिओला एकच जनक नाही, हे मान्य करायला हवे. मार्कोनीचे श्रेय वेगळे आहे. सुट्या सुट्या शोधांतून त्याने चालणारी व्यवस्था उभी केली.

या व्यवस्थेचे मोल जगाला कळले ते एप्रिल १९१२ मध्ये. ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा जहाजावरच्या मार्कोनी कंपनीच्या दोन तरुणांनी मदतीचे संदेश पाठवत राहून सुमारे सातशे जीव वाचवायला हातभार लावला. त्यातला जॅक फिलिप्स स्वतः वाचला नाही. मार्कोनीला त्याआधीच, १९०९ मध्ये, जर्मनीच्या ब्राऊनबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले होते. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. १९१२ मध्येच मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. संसारही सुखाचा झाला नाही. १९०५ मध्ये केलेले लग्न मोडले, १९२७ मध्ये त्याने दुसरे केले. सततचा प्रवास आणि घर यांचे जमले नाही.

आता त्या चुकीकडे वळू. लांब लहरींवर विश्वास ठेवून मार्कोनीची कंपनी प्रचंड केंद्रे बांधत राहिली. दोनशे मीटरांपेक्षा आखूड लहरी निरुपयोगी समजल्या जात. म्हणून १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्या हौशी लोकांना देऊन टाकल्या. पंगतीत उरलेले पोरांना वाढावे तशा. या हौशी मंडळींत विद्यार्थी होते, कारकून होते, दुकानदार होते. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांनी पॉल गॉडली नावाच्या आपल्या माणसाला स्कॉटलंडला धाडले. समुद्रकाठच्या ओल्या शेतात त्याने तंबू ठोकला आणि अमेरिकेच्या दिशेने सुमारे तेराशे फूट लांबीची तार खांबांवरून जमिनीलगत ताणली. बेव्हरेज या अभियंत्याने शोधलेली ही तार ज्या दिशेला रोखावी तिकडचेच ऐकते आणि इतर बाजूंचा खडखडाट गाळते. थंडीपावसात रात्री जागून गॉडलीने अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्राचा संदेश उतरवून घेतला. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी सुमारे ११० मीटरांवर परस्परांशी बोलून दाखवले.

मार्कोनीचे मोठेपण इथे दिसते. त्याचे सारे भांडवल आणि सारी कीर्ती लांब लहरींत गुंतली होती. तरी त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, त्याने आणि त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याने आखूड लहरी आणि आरसे पुन्हा हाती घेतले होतेच. १९२३ मध्ये ‘एलेत्त्रा’ या आपल्या बोटीतून तो आफ्रिकेच्या बाजूला केप व्हर्दे बेटांपर्यंत गेला आणि पोल्ढूच्या ९७ मीटरांच्या लहरी ऐकत राहिला. पुढच्या वर्षी ३२ मीटरांच्या लहरी भर दिवसा बैरूटला पोचल्या. ब्रिटिश सरकारला साम्राज्यासाठी लांब लहरींची अवाढव्य केंद्रे हवी होती. मार्कोनीने सांगितले, ती नकोत, आखूड लहरी घ्या. १९२४ मध्ये करार झाला. यश आले नसते तर कंपनी बुडाली असती.

फ्रँकलिनने आखलेली रचना ऐकायला सोपी आहे. उभ्या तारांचा एक पडदा टांगायचा. त्याच्या मागे, लहरीच्या लांबीच्या पाव अंतरावर, तसाच दुसरा पडदा. पुढचा पडदा लहरी सोडतो, मागचा त्या परतवतो. तारा एकमेकींना साथ देतात आणि सगळी शक्ती समोरच्या अरुंद झोतात जाते. शेकडो किलोवॉटचे काम विसेक किलोवॉटमध्ये भागते. १९२६ मध्ये कॅनडा, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि शेवटी हिंदुस्थान असे मार्ग उघडले. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की समुद्रतळाच्या तारांच्या कंपन्या हादरल्या. अखेर १९२९ मध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र करावे लागले. आपल्याकडची सेवा १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पुढे १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच आर्वीला उपग्रहकेंद्र आले आणि तारांच्या पडद्यांचे दिवस सरले.

मार्कोनीच्या उत्तरायुष्यावर एक डाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३० मध्ये त्या राजवटीच्या अकादमीचा अध्यक्ष झाला. विज्ञानात चूक मान्य करणारा हा माणूस राजकारणात मात्र सत्तेच्या सावलीत राहिला. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधली बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

त्याचा धडा जिवंत आहे तो हौशी रेडिओवाल्यांच्या गच्च्यांवर. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या या मंडळींना आपले नाव मिळते ते ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे. सातारा-सांगलीच्या गच्चीवरून पाहिले, तर इंग्लंड वायव्येला आहे आणि ऑस्ट्रेलिया आग्नेयेला. तार आपल्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जोरात बोलते आणि टोकांच्या दिशेला गप्प बसते. म्हणून वीस मीटर लहरींसाठी साधारण तेहतीस फुटांची तार ईशान्य-नैऋत्य ताणायची, मधोमध केबल जोडायची आणि निदान तीस-पस्तीस फूट उंचीवर चढवायची. आग्नेयेच्या बाजूला तीन-चार मीटरांवर तिच्याहून किंचित लांब दुसरी तार कशालाही न जोडता समांतर बांधली, की फ्रँकलिनचा आरसा तयार. मग झोत वायव्येला वळतो.

बांधण्यापेक्षा राखणे अवघड. साताऱ्याच्या पावसात दोर भिजून सैल पडतात, तार झोळासारखी लोंबते. सोल्डरचा सांधा उघडा राहिला तर हिरवा पडतो आणि केबलच्या तोंडातून पाणी शिरले तर ती आतून सडते. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की केबल यंत्रापासून काढून बाहेर ठेवावी लागते. वारा वाढला तर तार तुटू नये म्हणून एका टोकाला कप्पी लावून वजन टांगतात, म्हणजे डांब हलला तरी ताण तेवढाच राहतो. पोल्ढूचे वीस डांब एका वादळात गेले. त्यानंतर मार्कोनी ज्या काटकसरीला आला, ती इथल्या गच्चीवर पहिल्याच पावसाळ्यात शिकावी लागते.

हा उद्योग कशासाठी, असे घरची मंडळी विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आता खिशातल्या फोनवर इंग्लंडमधला नातू दिसतो. पण ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आणि २०१९ मधला सांगलीचा महापूर आठवावा. वीज जाते, मनोरे बंद पडतात, रस्ते पाण्याखाली जातात. अशा वेळी मोटारीची एक बॅटरी, लहानसे यंत्र आणि दोन झाडांत बांधलेली तेहतीस फूट तार, एवढ्यावर माणूस शेकडो मैलांवरच्या माणसाशी बोलू शकतो. मात्र तार त्या दिवशी शोधून चालत नाही. ती आधीपासून बांधलेली आणि राखलेली असावी लागते.